काळजी मानगुटीवर बसते तेव्हा : अँझायटी, आखडलेली मान आणि हातांनी केलेले उपचार

मान धरली म्हणून आलेल्या माणसाला मी हमखास विचारते, "सध्या झोप कशी आहे?" प्रश्न झोपेचा असतो, पण उत्तरात बहुतेक वेळा सगळं घर, नोकरी आणि मध्यरात्रीचे विचार बाहेर येतात. काळजी मानगुटीवर बसते असं आपण म्हणतो, ते शब्दशः खरं असल्याचं उपचाराच्या टेबलाजवळ उभं राहिलं की रोज दिसतं. फिजिओथेरपिस्ट म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते आणि त्यांची माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

काळजी डोक्यात असते, मग आखडते मान का?

धोका जाणवला की शरीर गळा झाकायला बघतं. खांदे वर चढतात, डोकं थोडं आत ओढलं जातं, जबडा आवळला जातो. खराखुरा धोका असेल तर काही क्षणांत तो टळतो आणि खांदे खाली येतात. काळजीचं तसं नसतं. उद्याच्या मीटिंगचा धोका आज रात्री टळत नाही, त्यामुळे खांदेही खाली येत नाहीत.

ही नुसती कल्पना नाही. खांद्याच्या वरच्या बाजूला मानेपर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियस स्नायूवर इलेक्ट्रोड लावून, हात पूर्ण विश्रांतीत असताना माणसाला तोंडी गणितं घातली, तरी त्या स्नायूची विद्युत हालचाल वाढते, हे प्रयोगशाळेत मोजलं गेलं आहे. हा जोर अगदी थोडा असतो, वजन उचलताना लागतो त्याच्या जवळपासही नसतो. त्रास होतो तो जोर थांबत नाही म्हणून. स्नायूतले काही बारीक तंतू सगळ्यात आधी कामाला लागतात आणि सगळ्यात शेवटी सुटतात. दिवसभर राबणाऱ्या या तंतूंवरून अभ्यासकांनी या विचाराला 'सिंड्रेला गृहीतक' असं गमतीदार नाव दिलं आहे.

दुसरी वाट श्वासाची. घाबरा माणूस छातीच्या वरच्या भागाने श्वास घेतो. मानेच्या बाजूचे स्केलीन आणि पुढचा जाड दोरीसारखा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड हे श्वासाचे मदतनीस स्नायू आहेत. पळताना, धाप लागल्यावर त्यांनी बरगड्या उचलायच्या असतात. खुर्चीत बसल्या बसल्या मिनिटाला अठरा-वीस वेळा तेच काम करावं लागलं तर संध्याकाळपर्यंत ते दुखणारच.

तिसरी वाट जबड्याची, तिच्याकडे पुढे येऊच.

म्हणजे माझं दुखणं 'मनाचं' आहे का?

दुखणं मानेचंच आहे. दाबल्यावर कळ येते, मान वळत नाही, डोकं ठणकतं, यातलं काहीही मनाचे खेळ नाहीत. सततच्या चिंताविकाराच्या निदानासाठी मानसोपचारतज्ज्ञ जी सहा लक्षणं तपासतात, त्यांत अस्वस्थपणा, लवकर थकणं, लक्ष न लागणं, चिडचिड आणि झोपेची तक्रार यांच्या बरोबरीने 'स्नायूंचा ताण' हे स्वतंत्र लक्षण आहे.

मान आखडली की डोळ्यामागे का दुखतं?

मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंकडून येणाऱ्या संवेदना आणि चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूकडून येणाऱ्या संवेदना एकाच ठिकाणी एकत्र होतात. मेंदूला पत्ता नीट लागत नाही आणि कवटीच्या बुडाशी असलेल्या छोट्या सबऑक्सिपिटल स्नायूंची कळ कपाळात किंवा डोळ्यामागे जाणवते. या स्नायूंवर बोटांची टोकं ठेवून दोन-तीन मिनिटं नुसतं डोकं तोलून धरलं, तर काही जणांचं कपाळ हलकं होतं. मला स्वतःला सगळ्यात आवडणारं तंत्र हेच. त्यात करण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं, थांबायचं तेवढं असतं.

मॅन्युअल थेरपी म्हणजे मसाजच ना?

मसाज हा तिचा एक भाग. प्रशिक्षित हातांनी स्नायू, सांधे आणि आसपासच्या ऊतींवर केलेल्या उपचारांना मिळून मॅन्युअल थेरपी म्हणतात. त्यात दुखऱ्या बिंदूवर, म्हणजे ट्रिगर पॉइंटवर, सोसवेल इतका दाब धरून ठेवणं येतं. चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी रूढ केलेली आकुंचन-शिथिलीकरणाची पद्धत येते : तुम्ही माझ्या हाताविरुद्ध अगदी हलका, जेमतेम जाणवेल इतका जोर सुमारे दहा सेकंद लावता, मग श्वास सोडत ढिले होता आणि मान आपोआप थोडी जास्त वळते. सांध्यांना लयीत झुलवण्याला मोबिलायझेशन म्हणतात. ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी त्याच्या चार पायऱ्या ठरवल्या. पहिल्या दोन इतक्या सौम्य असतात की बाहेरून बघणाऱ्याला काही चाललंय हेही कळू नये. आणि शेवटी येतो तो कडकन आवाज करणारा झटका, मॅनिप्युलेशन. त्याविषयी खाली सविस्तर लिहिलं आहे.

अँझायटी असलेल्या माणसाबरोबर मी नेहमी सौम्य टोकापासून सुरुवात करते. 'जितकं दुखेल तितका गुण येईल' या समजुतीवर माझा विश्वास नाही. आधीच सावध असलेल्या शरीराला जोरात दाबलं तर ते आणखी आवळून घेतं, आणि मग आपण आपणच निर्माण केलेल्या ताणाशी झगडत बसतो.

हातांनी गाठी फुटतात का? साचलेलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं का?

नाही, दोन्ही नाही. व्यायामानंतर वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात शरीर स्वतःच वापरून टाकतं, ते मानेत महिनोन् महिने साचून राहत नाही. बोटाला लागणारी 'गाठ' म्हणजे स्नायूचा ताठ राहिलेला, संवेदनशील झालेला पट्टा असतो. ट्रिगर पॉइंटमध्ये नेमकं काय घडतं यावर अभ्यासकांचे अजून वाद आहेत. पण दाबल्यानंतर तो पट्टा मऊ लागतो तेव्हा काही फुटलेलं नसतं. मज्जासंस्थेने पकड सैल केलेली असते.

त्वचेचाही यात वाटा आहे. केसाळ त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे मंद गतीचे मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या हळुवार स्पर्शाला ते सगळ्यात चांगला प्रतिसाद देतात. पाठ थोपटणाऱ्या हाताचा वेग जवळपास हाच असतो, हे कुणी शिकवावं लागत नाही.

आणखी एक लाडकी समजूत : मसाजने कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, धडाधड उतरतं. २०११ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा हा परिणाम फार छोटा, बऱ्याच मोजमापांत शून्याच्या आसपास निघाला. लोकांना बरं वाटतं हे खरं, पण त्याचं कारण हे हार्मोन असेल असं दिसत नाही.

यानं अँझायटी बरी होते का?

कमी होऊ शकते. 'बरी होते' असं मी म्हणणार नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २००४ मध्ये झालेल्या विश्लेषणात एका मसाजनंतर त्या क्षणीची चिंता आणि अनेक बैठकांनंतर एकूण चिंतातुर स्वभावही कमी झाल्याचं दिसलं होतं. पण २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. सततचा चिंताविकार असलेल्या ६८ जणांचे तीन गट केले. एकाला उपचारात्मक मसाज, दुसऱ्याला ऊबदार शेक, तिसऱ्याला नुसतं शांत खोलीत पडून राहणं. १२ आठवड्यांत १० बैठका. तिन्ही गटांची चिंता कमी झाली आणि तिघांत म्हणावा असा फरक पडला नाही.

माझ्या व्यवसायातल्या काहींना हा निकाल आवडत नाही. मला त्यात आशा दिसते. ठरलेल्या वेळी, सुरक्षित जागी, कुणाच्या तरी देखरेखीत तासभर स्वस्थ पडणं यात बराचसा गुण आहे, आणि ते महागड्या तंत्राशिवायही मिळवता येतं. उलट बाजूने बघितलं तर समुपदेशन, विचार आणि वर्तनावर काम करणारी सीबीटी किंवा गरज असल्यास औषधं यांची जागा माझे हात घेऊ शकत नाहीत. मान सैल झाल्यामुळे तुम्ही रात्री चार तासांऐवजी सहा तास झोपलात आणि दुसऱ्या दिवशी समुपदेशकाकडे जायचं बळ आलं, तर माझं काम झालं.

मग किती बैठका घ्याव्यात?

जुनाट मानदुखीच्या २२८ रुग्णांवर मसाजचं 'माप' ठरवायला २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास झाला. चार आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा ६० मिनिटांचा मसाज मिळालेल्यांना फायदा झाला. ३० मिनिटांच्या बैठका घेणारे काहीच न घेणाऱ्यांपेक्षा फारसे पुढे गेले नाहीत. सगळ्यांना इतका वेळ काढणं जमत नाही, हे मान्य. व्यवहारात मी चार ते सहा बैठका ठरवते, पहिल्याच दिवसापासून सोबत व्यायाम देते आणि चौथ्या बैठकीला हिशेब करते : मान किती वळते, झोप कशी आहे, डोकं आठवड्यातून किती दिवस दुखतं. काहीच हललं नसेल तर तेच पुढे रेटण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. हातांनी मिळालेला आराम बहुतेकदा थोड्या काळाचा असतो, काही तास ते काही दिवस. त्या मोकळ्या वेळात मान आणि खांद्याचे व्यायाम केले तर तो टिकायला मदत होते, नुसता उपभोगला तर ओसरतो.

मला स्पर्शाचीच भीती वाटते. पालथं झोपलं की जीव घाबरा होतो. माझ्यासाठी हे नाहीच का?

आहे, आणि ही भीती सांगताना ओशाळायची गरज नाही. विचार करा : अनोळखी खोली, तोंड टेबलाला असलेल्या खड्ड्यात, मागे कोण काय करतंय दिसत नाही, आणि हात मानेवर, म्हणजे शरीर ज्या जागेचं सगळ्यात जास्त रक्षण करतं तिथेच. ज्यांच्या आयुष्यात मारहाण किंवा अत्याचार घडले आहेत त्यांना हे झोपणंच असह्य होऊ शकतं. कारण सांगायची सक्ती तुमच्यावर कुणी करू शकत नाही. "मला पालथं झोपायचं नाही" एवढं वाक्य पुरेसं आहे.

मानेवर काम करायला पालथं झोपावंच लागतं असं नाही. उताणं झोपून, कुशीवर, किंवा खुर्चीत बसून टेबलावरच्या उशीवर डोकं टेकवूनही जवळजवळ सगळं करता येतं. दार किलकिलं ठेवता येतं, सोबतच्या माणसाला खोलीत बसवता येतं, कपडे न काढता काम करता येतं. मी सुरुवातीलाच एक खूण ठरवते. हात वर केला की मी त्याच क्षणी थांबते, का ते विचारत नाही. पहिल्या बैठकीत बहुतेक जण एकदा तरी हात वर करून बघतात, मी खरंच थांबते का ते पाहायला. मला ते आवडतं. पुढचे हात कुठे जाणार हे आधी सांगते. गळ्याच्या पुढच्या बाजूला हात लावण्याआधी वेगळी परवानगी घेते, आणि नको म्हटलं तर तो भाग सोडून देते.

काही बैठकांत मी मानेला स्पर्शही करत नाही. पायांपासून किंवा हातांच्या पंजांपासून सुरुवात होते आणि त्या दिवशी तिथेच संपते. तेवढ्यानेही खांदे दोन बोटं खाली आलेले मी पाहिले आहेत.

बैठकीत रडू आलं किंवा पॅनिक अटॅक आला तर?

रडू आलं तर येऊ द्यावं. टिश्यू असतात. 'स्नायूत दडलेल्या भावना बाहेर पडल्या' असले अर्थ कुणी लावायला लागलं तर दुर्लक्ष करा. बऱ्याच दिवसांनी शरीर ढिलं झालं आणि रडू आलं, एवढं स्पष्टीकरण पुरतं.

पॅनिक अटॅक आला तर उपचार थांबवून तुम्हाला उठवून बसवायचं, पाय जमिनीला टेकवायचे, श्वास सोडणं लांबवायचं. लाट साधारण दहा मिनिटांत शिखर गाठते आणि मग उतरते. ठरलेल्या बैठकीतली उरलेली वेळ 'भरून काढण्यासाठी' पुन्हा टेबलावर घेणारा माणूस मला पटत नाही.

मान कडकन वाजवून घेऊ का? फार मोकळं वाटतं.

आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी त्याचा संबंध आहे. २०१५ मध्ये बोटाचा सांधा वाजत असताना एमआरआयमध्ये ती पोकळी तयार होताना दिसली. एकदा वाजलेला सांधा पुन्हा वाजायला वीसेक मिनिटं लागतात. लगेच मिळणारा मोकळेपणा खरा असतो, पण टिकत नाही, म्हणून माणूस दर तासाला मान मोडत राहतो. काळजी वाढली की मोडणंही वाढतं, हे स्वतःवर लक्ष ठेवलंत तर दिसेल.

जोराच्या झटक्याबाबत मी सावध आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन व्हर्टिब्रल रोहिण्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. मान जोरात फिरवल्यानंतर रोहिणीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. ती दुर्मिळ आहेत, आणि काही वेळा रोहिणी आधीच फाटलेली असते व त्या दुखण्यासाठीच माणूस उपचाराला आलेला असतो, त्यामुळे कारण-परिणाम ठरवणं अवघड जातं. पण सौम्य पद्धतींनी तितकाच गुण येत असेल तर हा धोका पत्करायचा कशाला? चिंतेमुळे आखडलेल्या मानेला मी झटका देत नाही. आणि ज्याने तुमची तपासणी केलेली नाही अशा कुणाच्याही हातात मान देऊ नका, तो कितीही हौशी आणि प्रेमळ असला तरी.

घरी करतानाही एक पथ्य : गळ्याच्या दोन्ही बाजूंना पुढून एकाच वेळी दाबू नका. तिथे कॅरोटिड रोहिणी आहे, आणि दाबाने नाडी व रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते.

आधी डॉक्टरांकडे कधी जायचं?

आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अचानक, तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी, दोन दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास, चेहरा बधिर होणं, अचानक तोल जाऊन पडणं : यांपैकी काहीही असेल तर तातडीने रुग्णालय गाठा. तापासोबत मान ताठ झाली असेल तेव्हाही. छातीत दाब आणि सोबत डावा हात, जबडा किंवा मान दुखत असेल तर 'अँझायटीच असेल' असं गृहीत धरून घरी बसू नका. अपघातानंतरची मानदुखी, हाताची पकड जाणं, चालताना पाय अडखळणं, लघवीवरचा ताबा सुटणं, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी झालेला कर्करोग, संधिवात, ठिसूळ हाडं, रक्त पातळ करणारी औषधं, हे सगळं मानेला हात लावण्याआधी कळायला हवं. घाबरटपणाबरोबर हात थरथरत असतील आणि वजन उतरत असेल तर थायरॉइड तपासून घ्यावं. त्याचं हार्मोन वाढलं की अगदी अँझायटीसारखंच दिसतं.

हातापायाला मुंग्या येतात. नस दबली आहे का?

मानेत दबलेल्या नसेची मुंगी सहसा एका बाजूला, हाताच्या ठरावीक पट्ट्यात आणि ठरावीक बोटांत उतरते, आणि मान वळवली की बदलते. दोन्ही हातांच्या बोटांना आणि ओठांभोवती एकदम मुंग्या येऊन हलकं हलकं वाटत असेल, तर भराभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याची शक्यता जास्त. फरक तपासणीत कळतो, मोबाइलवर शोधून नाही.

एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज', म्हणजे मणक्यांमधली चकती फुगलेली, असं लिहून आलंय. आता हात लावू का देऊ?

मानेचा काहीच त्रास नसलेल्या १,२११ माणसांचे एमआरआय काढून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या डिस्क फुगलेल्या होत्या. विशीतल्या लोकांतही बहुतेकांच्या. पांढऱ्या केसांसारखंच हे. तुमच्या लक्षणांशी आणि तपासणीशी ते जुळतंय का, हे महत्त्वाचं.

मला चीड येते ती अहवाल वाचून दाखवणाऱ्यांच्या भाषेची. "मणका सरकलाय", "मान पार सरळ झालीय", "जपा हं, नाहीतर..." आधीच घाबरलेल्या माणसाला हे वाक्य दिलं की तो मान फळीसारखी धरून चालायला लागतो आणि त्या धरण्यानेच दुखणं वाढतं. एका वाक्याने आखडलेली मान सोडवायला मला कधी कधी चार बैठका लागल्या आहेत.

अँझायटीच्या गोळ्या चालू आहेत, सांगायला हवं का?

हो. बीटा-ब्लॉकर, म्हणजे छातीची धडधड कमी करणारी गोळी, घेत असाल तर टेबलावरून झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, आधी मिनिटभर बसा. एसएसआरआय या, नैराश्य आणि चिंतेवर दिल्या जाणाऱ्या, गटातल्या औषधांनी काही जणांत दात आवळणं वाढतं. गोळी सुरू केल्यानंतर सकाळी जबडा आणि कानशिलं दुखायला लागली असतील तर ते डॉक्टरांना कळवा. मान सैल झाली म्हणून कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

घरी काय करू?

आधी जबडा. स्वस्थ असताना वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात, मध्ये दोन-चार मिलिमीटरचं अंतर असतं. हे वाचताना तुमचे टेकलेले आहेत का? ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. दिवसातून जितक्या वेळा आठवेल तितक्या वेळा.

मग खांदे. ते मुद्दाम कानांपर्यंत चढवा, पाच-सात सेकंद धरा आणि श्वास सोडत पडू द्या. नंतर वीस सेकंद काहीही न करता नुसता फरक अनुभवा. हा थांबण्याचा भाग लोक गाळतात, आणि खरं औषध तिथेच आहे. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सगळ्या शरीरासाठी हीच पद्धत मांडली होती.

ऊबदार शेक पंधरा-वीस मिनिटं चालतो. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरून खांद्याच्या फऱ्याजवळचा भाग दाबता येतो, मणक्यावर मात्र नको. आणि चाला. मानेसाठी चालायला सांगितलं की लोकांना मी टाळतेय असं वाटतं.

मी दिवसातून वीसदा मान चाचपून बघतो. गाठ मोठी तर झाली नाही ना?

चाचपून चाचपून ती जागा दुखरी होते, आणि दुखली की पुन्हा चाचपावीशी वाटते. एकदा डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या आणि मग हात खिशात ठेवायचा सराव करा. दर दोन दिवसांनी माझ्याकडे "जरा बघता का" म्हणत येणं हेही याच चक्राचं रूप असू शकतं. तसं दिसलं तर मी जास्त बैठका देत नाही. समुपदेशकाशी बोलायला सुचवते आणि पुढची वेळ मुद्दाम लांबची देते. राग येतो काहींना.

चांगला थेरपिस्ट कसा ओळखू?

हात लावण्याआधी तो वीस मिनिटं ऐकतो. काय करणार ते सांगतो, नको म्हटल्यावर थांबतो, दुखलं तर दाब कमी करतो. पहिल्याच दिवशी तीस बैठकांचं पॅकेज पुढे करत नाही. आणि तुम्ही "आता बरं आहे, पुढच्या आठवड्यात येऊ का?" असं विचारलंत तर तो म्हणतो, "नका येऊ. लागलं तर फोन करा."